गाडीची मालकीण नेपाळला जाते

"नेपाळ म्हणजे काय परदेश आहे का?" हे वाक्य महाराष्ट्रात साधारणपणे निवृत्त माणसं उच्चारतात आणि त्यानंतर आठवड्याभरात गाडी सर्व्हिसिंगला टाकतात. कोथरूडच्या काकांनी ते २०२४च्या दिवाळीत, चकली मोडता मोडता उच्चारलं. व्हिसा लागत नाही, पासपोर्टावर शिक्का बसत नाही, वाहनं डावीकडूनच चालतात, देव तेच आणि लिपीही तीच. "म्हणजे साताऱ्याला जाण्यातलाच प्रकार. फक्त जरा लांब."

जरा लांब म्हणजे पुण्याहून सोनौलीपर्यंत सतराशे-अठराशे किलोमीटर. भारत-नेपाळ सीमेची लांबीही जवळपास तेवढीच, १७५१ किलोमीटर. म्हणजे नुसतं सीमेला हात लावायला जेवढं जायचं, तेवढ्यात ती सीमा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून झाली असती. काकूंनी हे लक्षात आणून दिलं तेव्हा काका टायरमधली हवा तपासायला खाली गेले होते. अडचणीचा प्रश्न आला की काका टायरमधली हवा तपासतात.

काकूंचा ओढा विमानाकडे होता. पण काकांच्या हाती एमिल आणि लिलियाना श्मिड सापडले होते. हे स्विस जोडपं १९८४ साली टोयोटा लँड क्रूझर घेऊन निघालं आणि पुढची कित्येक दशकं त्याच गाडीतून शंभरावर देश हिंडत राहिलं. गिनेसच्या पुस्तकात त्यांची नोंद आहे. काकांनी ही माहिती मोठ्यानं वाचून दाखवली.

"एकाच गाडीतून!" काका म्हणाले.

"एकाच माणसाबरोबर!" काकू म्हणाल्या.

काकूंकडेही दाखला होता. मोटारीनं पहिला लांबचा प्रवास केला तो बेर्था बेंझ या बाईनं, १८८८च्या ऑगस्टमध्ये, मानहाइम ते फोर्त्सहाइम. निघताना तिनं दोन मुलांना बरोबर घेतलं आणि नवऱ्याला झोपू दिलं. नवरा म्हणजे ती गाडी तयार करणारा कार्ल बेंझ. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिनं टोपीच्या पिनेनं मोकळी केली. इंधन संपलं, ते औषधांच्या दुकानातून विकत घेतलं. शंभराहून थोडे जास्त किलोमीटर झाले, आणि एवढ्या वाटेत "मी तुला तेव्हाच सांगत होतो" असं म्हणणारं गाडीत कोणी नव्हतं.

काकांनी पुन्हा हवा तपासली.

मग कागदपत्रं निघाली. भारतीय माणसाला नेपाळात जायला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. आधार कार्डावर भागतं ते फक्त पंधरा वर्षांखालच्यांचं आणि पासष्ट वर्षांवरच्यांचं. काका सहासष्टचे, काकू त्रेसष्टच्या. "म्हणजे मला आधार पुरतं," काका म्हणाले. त्यांच्या सुरात बक्षीस मिळाल्याचा आनंद होता. "हो, बालवाडीबरोबर," काकू म्हणाल्या. काकूंच्या पासपोर्टाची मुदत संपलेली, त्यामुळे त्यांना मतदार ओळखपत्र काढावं लागलं. त्यावरचा फोटो असा होता की दोन्ही देशांनी प्रवेश नाकारला असता तरी तक्रार करता आली नसती.

पैशांचं तर खातंच वेगळं. डिसेंबर २०१८मध्ये नेपाळ सरकारनं शंभरापेक्षा मोठ्या भारतीय नोटा बाद ठरवल्या. काका बँकेतून निवृत्त झालेले. जुन्या शाखेत जाऊन त्यांनी शंभराच्या नोटांची बंडलं आणली आणि चोरांच्या भीतीनं ती मेतकुटाच्या डब्यात, मेतकुटाखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली. पिशवीला भोक होतं. पुढे नेपाळभर पान-टपरीपासून हॉटेलपर्यंत प्रत्येक जण काकांची नोट हातात घ्यायचा, उजेडात धरायचा आणि मग, का कोण जाणे, नाकाजवळ न्यायचा.

समृद्धी महामार्गाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. तिथं ताशी १२० ची मुभा आहे, काका ॲव्हरेजसाठी ८० नं गेले आणि नागपूरपर्यंत प्रत्येक ट्रकनं त्यांना मागे टाकलं. नागपूरहून जबलपूरकडे जाताना पेंचच्या जंगलात रस्ता उंचावर उचलून घेतलाय, वाघांना खालून ये-जा करता यावी म्हणून. वाघ त्या वाटा खरोखर वापरतात, हे कॅमेऱ्यांत दिसलेलं आहे. काकूंनी ही माहिती सांगितली ती काका वळण चुकून सात किलोमीटर पुढे गेल्यावर. "वाघालासुद्धा कळतं हो," एवढंच त्या म्हणाल्या. रीवा, वाराणसी, गोरखपूर या टप्प्यांत त्यांना आणखी काही म्हणावं लागलं नाही.

सोनौलीच्या अलीकडे ट्रकांची रांग लागते, आणि ती रांग किलोमीटरांत मोजायची असते. काका शिस्तीचे. ते रांगेत उभे राहिले. पुढे सिमेंटचा ट्रक, मागे कांद्याचा ट्रक, मध्ये एमएच बारा. पाऊण तास गाडी हलली नाही. पुढच्या ट्रकचा क्लीनर स्टोव्हवर भात शिजवू लागला, तेव्हा काकूंनी उतरून पानवाल्याला विचारलं. लहान गाड्या बाजूनं सरळ जातात. "मला ते माहीत होतं," काका म्हणाले, "पण रांग मोडायची कशी?"

आणि आली सीमा. ३१ जुलै १९५० रोजी दोन्ही देशांत मैत्रीचा करार झाला, त्यानुसार इथली ये-जा मोकळी आहे. पुस्तकात वाचलेलं वेगळं आणि बघितलेलं वेगळं. कमानीखालून बायका भाजीच्या पिशव्या घेऊन परदेशातून घरी चालल्या होत्या. एक मुलगा सायकलवर गॅसची शेगडी आडवी बांधून दुसऱ्या देशात गेला आणि काका काच खाली करेपर्यंत परतही आला. सशस्त्र सीमा बलाचा जवान उभा होता. काकांनी आधार कार्ड खिडकीबाहेर धरलं. जवानानं 'चला' म्हणून हात केला. काकांनी कार्ड आणखी पुढे केलं. जवानानं हात आणखी जोरात हलवला. लॅमिनेशन करून आणलेलं कार्ड कोणी बघतच नाही म्हटल्यावर काकांचा चेहरा पडला. पुढे संपूर्ण प्रवासात त्यांनी ते हॉटेलवाल्यांना, होडीवाल्यांना आणि एका फुगेवाल्याला दाखवून पाहिलं.

माणसाला या सीमेवर फारसं कोणी विचारत नाही. गाडीला विचारतात. ती मात्र परदेशी ठरते आणि तिला भन्सार भरावा लागतो, म्हणजे जकातीचा परवाना. तो दिवसांच्या हिशोबानं मिळतो आणि पैसेही तसेच पडतात. पलीकडे बेलहियाला गाडी थांबते न थांबते तोच "भन्सार? भन्सार?" करत तीन-चार जण खिडकीला लागले. काकांनी त्या सगळ्यांना पुणेरी नजर दिली आणि स्वतः खिडकीवर गेले.

"गाडी कस्को नाममा छ?" आतल्या माणसानं विचारलं.

लिपी एक असल्यामुळे भाषाही येते, असं काकांचं मत होतं. त्यांनी रुबाबात आरसी पुढे सरकवली. आतल्या माणसानं ती वाचली, काकांकडे बघितलं, पुन्हा वाचली आणि काकांच्या खांद्यावरून मागे बघत म्हणाला, "दिदी, यता आउनुस्."

गाडी काकूंच्या नावावर होती. स्त्री कर्जदाराला व्याजात मिळणाऱ्या किंचित सवलतीपायी, बँकेतल्या माणसाच्या चाणाक्षपणानं काकांनी स्वतःच ती तशी घेतली होती. त्या सवलतीचं सगळं व्याज आता एकरकमी वसूल झालं. काकूंना खुर्ची मिळाली. काकूंची सही झाली. मालकाच्या रकान्यात काकूंचं नाव बसलं आणि चालकाच्या रकान्यात, खाली, काकांचं. "ड्राइभर" असा शब्द आतल्या दोन माणसांच्या बोलण्यात आला. तो काकांना भाषांतराशिवाय कळला.

"दिदी, कति दिन?"

इथं काका पुढे सरसावले. आज दुपारचे चार वाजलेत, म्हणजे आजचा दिवस संपल्यातच जमा, तेव्हा तो धरू नये. शेवटच्या दिवशी सकाळी परत निघणार, तेव्हा तोही अर्धाच. दोन अर्धे मिळून एक. माणूस शांतपणे ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्यानं काकूंकडे बघितलं. "आठ," काकू म्हणाल्या. आठ दिवसांची पावती फाटली.

पावतीवरची तारीख बघून काकांना घाम फुटला. साल २०८१. "अगं, आपला इन्शुरन्स संपला की!" नेपाळचा सगळा सरकारी कारभार विक्रम संवतावर चालतो, आणि ते इसवी सनाच्या छप्पन्न-सत्तावन्न वर्षं पुढे असतं. विक्रम संवत काकांच्या घरच्या पंचांगातही असतं, पण तिथं ते श्राद्ध आणि मुहूर्तापुरतं. ते एखाद्या पावतीवर, दंडाच्या भाषेत, अंगावर येईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

खरं तर सगळा घोळ याच 'जवळपास सारखं' असण्यात आहे. माणूस जपानला गेला तर सावध असतो. नेपाळात तो निर्धास्त असतो, आणि नेपाळ बरोबर तेवढ्याच बोटभर अंतरानं चुकवतं. घड्याळाचंच घ्या. नेपाळची वेळ आपल्यापेक्षा फक्त पंधरा मिनिटं पुढे आहे. १९८६ पासून तिथलं घड्याळ गौरीशंकर शिखरावरून जाणाऱ्या रेखावृत्तावर चालतं. फोनानं हा बदल निमूट मान्य केला. काकांच्या मनगटावरच्या एचएमटीनं केला नाही. "पंधरा मिनिटांसाठी कोण काटे फिरवतो?" हा प्रश्न त्यांनी लुंबिनीत अशोकस्तंभासमोर विचारला, तानसेनच्या घाटात विचारला आणि पोखऱ्यात झोपताना विचारला. पहाटे सारंगकोटला सूर्योदय बघायला जायचं होतं. माछापुच्छ्रे शिखरावर, ६,९९३ मीटर उंचीवर, अधिकृतपणे अजून कोणाचं पाऊल पडलेलं नाही. तिथं पडतो तो पहिला किरण. काका घड्याळाप्रमाणे अगदी वेळेवर पोचले. तोपर्यंत डोंगर पिवळाधमक झालेला होता आणि चहावाले कप विसळत होते.

"किरण पडला?" काकांनी एकाला विचारलं.

"पडून पंधरा मिनिटं झाली," मागून काकू म्हणाल्या.

रुपयाचंही तेच. तिकडेही रुपयाच, पण आपले शंभर म्हणजे त्यांचे एकशेसाठ, आणि हा दर १९९३ पासून ठरलेला आहे. त्यामुळे कुठल्याही दुकानात भाव सांगितला की पुढचा प्रश्न 'आयसी की एनसी?' असा असतो, म्हणजे इंडियन की नेपाळी. पोखऱ्याच्या तलावाकाठी जेवणाचं बिल आलं सोळाशे. काका उठून उभे राहिले. काकूंनी मनातल्या मनात भागाकार करून "हजार" सांगितलं. काका बसले. मग त्यांनी मेनू पुन्हा मागवला, प्रत्येक पदार्थाला एक पूर्णांक सहा दशांशानं भागलं आणि निष्कर्ष काढला, की मोमो तरीही महाग होते. मेतकुटाच्या वासाच्या दहा नोटा त्यांनी मोजायला घेतल्या, तोवर काकूंनी फोन पुढे करून क्यूआर स्कॅन केला होता. मार्च २०२४ पासून नेपाळात आपलं यूपीआय चालतं. निवृत्त बँक अधिकाऱ्याला हे बायकोकडून, सार्वजनिक ठिकाणी, वेटरसमोर कळलं.

एका बाबतीत मात्र काकांना नेपाळ मनापासून आवडलं. तिथल्या खासगी गाड्यांच्या लाल पाट्यांवर नंबर देवनागरीत असतात. इकडे पुतण्यानं बुलेटवर असाच नंबर घातला तेव्हा चौकात पावती फाटली होती. तिकडे सरकारच तसा नंबर देतं. काकांनी पृथ्वी राजमार्गावर मुगलिंगपर्यंत समोरच्या प्रत्येक गाडीचा नंबर मोठ्यानं वाचला. काकूंनी मर्स्यांगदी नदी बघितली.

मुगलिंगजवळ मनकामनेचं देऊळ डोंगरावर आहे आणि १९९८ पासून वर जायला केबल कार आहे. देवीला बोकड द्यायची प्रथा. त्यामुळे तिकिटांच्या दरपत्रकात बोकडाचंही भाडं असतं, आणि ते फक्त एकेरी असतं. काकांनी पाटी नेहमीप्रमाणे खालून वर, स्वस्तापासून महागाकडे वाचली.

"अगं, हे एकेरी किती स्वस्तात आहे बघ!"

काकूंनी पाटी वाचली. "घ्या," त्या म्हणाल्या.

काठमांडूत शिरायचं काकांनी रविवारी ठरवलं होतं. रविवारी रस्ते मोकळे असतात, हा त्यांचा पस्तीस वर्षांचा अनुभव. नेपाळात आठवड्याची सुटी शनिवारी असते. रविवारी सकाळी सगळं काठमांडू जेवून-खाऊन, डबे घेऊन कामावर निघालेलं, आणि नागढुंग्याच्या चढावर त्याच्यापुढे मालाचे ट्रक. बोगद्याचं काम चालू होतं, म्हणजे तो तेव्हा कामाचा नव्हता. कलंकी चौकात पोचेपर्यंत काकांचा क्लचचा पाय थरथरू लागला.

त्यात हॉर्नची बंदी. १४ एप्रिल २०१७ रोजी, म्हणजे त्यांच्या २०७४ सालच्या पाडव्याला, काठमांडूनं विनाकारण हॉर्न वाजवायला मनाई केली, आणि आश्चर्य म्हणजे लोक ती पाळतात. शेकडो दुचाक्या आणि बस शांतपणे एकमेकांत घुसत होत्या. पुण्याचा माणूस हॉर्नशिवाय गाडी चालवू शकतो का, याचा काकूंनी जवळून अभ्यास केला. काकांचा अंगठा आपोआप मधोमध जायचा, काकू हातावर चापट मारायच्या. अर्ध्या तासानं काकांनी काच खाली केली आणि तोंडानं "ए, ए, ए, ए" सुरू केलं. त्याला कायद्यात बंदी नव्हती.

पशुपतिनाथाला आत चामड्याच्या वस्तू चालत नाहीत. काकांनी पट्टा काढून ठेवला. प्रवासात दाल-भाताच्या जेवणाला 'थप', म्हणजे पुन्हा वाढप, फुकट असल्याचं कळल्यापासून काकांनी जोर लावला होता, तेव्हा पँट घट्ट व्हायला हवी होती. पण काकूंनी निघताना दोन नंबर मोठी घेतली होती, गाडीत बसायला सैल बरी म्हणून. एका हातात पूजेचं ताट आणि दुसऱ्यात पँट, अशा अवस्थेत काकांना नमस्कार करता येईना. काकूंनी दोघांच्या वतीनं केला. देवळाबाहेर काकांनी इतिहास काढला. "सत्तावन्नच्या उठावानंतर नानासाहेब पेशवेसुद्धा नेपाळातच आले. तराईत शिरले, ते पुन्हा कोणाला दिसले नाहीत."

"किती दिवसांचा भन्सार घेतला होता त्यांनी?" काकूंनी विचारलं.

या प्रश्नानं काका एकदम भानावर आले. आठवा दिवस दुसऱ्याच दिवशी होता.

परतीला नारायणगढ ते बुटवल हा पट्टा लागतो. हा रस्ता रुंद करायचं काम बरीच वर्षं चालू होतं. तेव्हा तिथं रस्त्याची जागा होती आणि रस्त्याचं सामान होतं. धूळ एवढी, की काका पुढच्या बसचा नंबर वाचायचा थांबले. खिडक्या बंद, एसी बंद, काकूंच्या तोंडाला पदर. दुपार टळता टळता गाडी बेलहियाच्या खिडकीसमोर उभी राहिली, तेव्हा काकांनी पावती विजयी मुद्रेनं पुढे केली. आठवाच दिवस.

आतला माणूस बाहेर आला. त्यानं कागद बघितला, गाडी बघितली, पुन्हा कागद बघितला. कागदावर गाडीचा रंग पांढरा होता. समोर विटेच्या रंगाचं काहीतरी उभं होतं. काकांनी खिशातला रुमाल काढून बॉनेटवर तळहाताएवढी जागा पुसली. तेवढा पुरावा पुरला.

भारताच्या बाजूला कस्टमवाल्यानं विचारलं, "गाडी किसकी है?"

आठ दिवसांपूर्वीचे काका असते तर उत्तर वेगळं आलं असतं. "मॅडम की," काका म्हणाले. "मैं चलाता हूँ."

"तो फिर उतरिए, डिकी खोलिए."

डिकीतून तानसेनचा पितळी करुवा, म्हणजे तोटीचा तांब्या, निघाला, दोन ढाका टोप्या निघाल्या, दातांनी तुटत नाही म्हणून घरी नेऊन किसायचं ठरवलेलं याकच्या दुधाचं छुर्पी चीज निघालं, कुकर निघाला आणि सगळ्यात शेवटी मेतकुटाचा डबा. अधिकाऱ्यानं झाकण उघडून आत डोकावलं. पिवळी पूड आणि तिच्यातून डोकावणाऱ्या शंभराच्या नोटा. तो काही विचारणार, तेवढ्यात त्याला तीन शिंका आल्या. काकूंनी पुढे होऊन खुलासा सुरू केला. डाळ, तांदूळ, गहू, सगळं वेगवेगळं भाजायचं, मंद आचेवर, मग सुंठ, हिंग, हळद. अधिकारी गोरखपूरकडचा असावा, किंवा दुपारच्या जेवणाला उशीर झालेला असावा. त्यानं वही मिटली आणि विचारलं, की हे भाताबरोबर खातात की पोळीबरोबर.

मागे ट्रक खोळंबले. एकानं भोंगा दिला, मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनी. काकांच्या कानांवर तो आवाज पडला आणि ते तडक जाऊन स्टिअरिंगवर बसले. काठमांडूत तुंबलेलं सगळं त्या अंगठ्यात गोळा झालं होतं. त्यांनी हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला.

काकूंनी मागे न बघता हातानं थांबायची खूण केली. "ड्रायव्हर है," त्या अधिकाऱ्याला म्हणाल्या, "उसको जरा घाई रहती है. हाँ, तो तूप गरम भात पे पहले, मेतकूट बाद में."